डाव्या बाजूचा आवाज

“बंद करू नका. चालूच राहू द्या,” मी म्हणालो, तेव्हा शहाजीनं चावीवरचा हात मागं घेतला.

गाडी स्टँडवर उभ्या उभ्या हलत होती. जुनी मोटरसायकल, साडेतीनशे सीसीची. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, त्या जमान्यातली. इंजिनाचे ठोके छान पडत होते, पण दर चार-पाच ठोक्यांमागं डावीकडून एक खळ्ळ आवाज यायचा. पत्र्याच्या डब्यात कुणी साखळी टाकून डबा हलवावा तसा.

“कधीपासून वाजतंय?”

“पंधरा दिवस झाले असतील. मला वाटलं टॅपेट.”

“टॅपेट उजवीकडं वाजतात. हे डावीकडचं आहे. क्लच दाबा.”

त्यानं क्लच दाबला. आवाज तसाच. म्हणजे क्लचच्या प्लेटा नव्हेत. मग मी त्याला थोडी रेस द्यायला सांगितली. रेस दिली की आवाज गुडूप, सोडली की पुन्हा खळ्ळ. मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक डाव्या कव्हरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. असं केलं की लोखंड आतलं सगळं सांगतं. आत साखळी कव्हराच्या भिंतीवर मार खात होती. तीही सारखी नाही. एक फटका, मग शांत, मग दोन फटके.

“प्रायमरी चेन,” मी म्हणालो. “इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेते ती. एका जागी ताणलीय, एका जागी ढिली पडलीय. उघडायला लागेल.”

ही गोष्ट एक्याण्णवच्या मार्चमधली. हेळवाकच्या नाक्यावर, जिथून रस्ता कुंभार्ली घाटाकडं वळतो, तिथं माझं गॅरेज होतं. मी सिकंदर शिकलगार. तेव्हा माझी चाळिशी आली होती. या गाड्यांचं काम पार कोयनानगरपासून घाटाखालच्या गावांपर्यंत माझ्याकडंच यायचं, कारण आवाज ऐकून दुखणं सांगणारा दुसरा मिस्त्री त्या भागात नव्हता. हे लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. माझ्याकडं आलेली गाडी वाजत वाजत परत गेली, असं कधी झालं नव्हतं.

शहाजी निकम वीज मंडळात वायरमन होता. तिशीतला, सरळ माणूस. पावसाळ्यात चार चार मैल चिखल तुडवून खांबावर चढायचा. त्याचा संसार मात्र काही सरळ चालला नव्हता. बायको शालन घाटाखालच्या पोफळीची. तिचं न् सासूचं पटलं नव्हतं, पुढं नवऱ्याशीही पटेना. पाच महिने ती माहेरी होती. हे मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं, पण नाक्यावर बसणाऱ्याला गावाचं सगळंच कळतं.

मी फुटरेस्ट काढला, ब्रेकचा पायडल काढला, मधला मोठा नट सोडला आणि कव्हर अलगद ओढलं. खाली ठेवलेल्या घमेल्यात काळं ऑइल सांडलं. चेन बोटानं उचलून बघितली. मागचं चाक अर्धा फेरा फिरवलं, तर तीच चेन लोंबायला लागली. ती ताणून धरणारा पट्टा पार शेवटाला गेला होता. आता घट्ट करायला जागाच उरली नव्हती.

“नवी घालायला लागेल,” मी म्हणालो. “कोल्हापूरहून मागवतो. चार दिवस धरा.”

“चार दिवस?” शहाजी उठून उभा राहिला. “मिस्त्री, मला उद्या पोफळीला जायचंय. शालनला आणायला.”

“यष्टीनं जावा की.”

“तिच्या भावानं कसंबसं मनवलंय. शांतारामनं. म्हणाला, उद्या सकाळी ये, तिचं मन बदलायच्या आत घेऊन जा. यष्टीत ट्रंक, बोचकं, सगळ्या गावासमोर… तिलाच आवडत नाही ते. गाडीवर बसून गेली की तिला बरं वाटतं.”

मी ऑइलचं घमेलं बाजूला सारलं.

“आठ दिवस तरी चालेल असं काहीतरी करा. नंतर नवी घालू.”

माझ्याकडं एक चेन होती. मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेली, पण कड्या चांगल्या होत्या. मी ती धुतली, ऑइल लावलं आणि घातली. पट्टा घट्ट केला, कव्हर लावलं, ऑइल भरलं. गाडी सुरू केली. स्क्रूड्रायव्हर लावून मिनिटभर ऐकलं. इंजिनाच्या ठोक्यांशिवाय आत काहीही वाजत नव्हतं.

“बघा,” मी म्हणालो.

शहाजीनं मान तिरकी करून ऐकलं आणि हसला. “तुमच्या हातात जादू आहे मिस्त्री.”

“कोल्हापूरची चेन आली की निरोप देतो. लगेच या.”

“येतो की,” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गॅरेजवरून परत गेला. मागं शालन बसली होती, मांडीवर ट्रंक, डोक्यावर पदर घट्ट धरलेला. त्यानं हॉर्न वाजवला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, ती समोर बघत होती. गाडी नुकतंच तेल घातलेल्या शिलाई मशिनीसारखी निघून गेली.

कोल्हापूरची चेन आलीच नाही. आणि पाचव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, घाटातून वर आलेल्या एका ट्रकवाल्यानं नाक्यावर गाडी थांबवून सांगितलं की खाली तिसऱ्या वळणावर मोटरसायकल पडलीय आणि बाई कठड्यावरून दरीत गेलीय.

मी तिथं गेलो नाही. इतर गेले. शालनला वर आणायला दोन तास लागले. ती तिथंच संपली होती. शहाजीचा पाय मांडीतून मोडला होता, त्याला कऱ्हाडला नेलं.

संध्याकाळपर्यंत सगळं कळलं. चार दिवसांत घरात पुन्हा भांडण पेटलं होतं. त्या सकाळी ती अंगणात उभं राहून म्हणाली होती की मला माहेरी सोडा, आता कायमचं. शेजारच्या तिघीचौघींनी ते ऐकलं होतं. तो तिला गाडीवर घालून निघाला आणि अर्ध्या तासानं ती मेली.

तिच्या भावानं, शांतारामनं, फिर्याद दिली. पाच-सहा दिवसांपूर्वी ज्यानं बहिणीला मनवून पाठवलं होतं, तोच पोलिसांसमोर म्हणाला, “ठरवून मारली. तो रस्त्यावर पडला आणि ती दरीत कशी गेली? त्याला विचारा.” दवाखान्यातून सुटताच शहाजीला धरलं.

शहाजी एकच सांगत होता, मागचं चाक अचानक अडकलं. गाडी तपासणारे सरकारी साहेब येऊन गेले होते. त्यांनी ब्रेक बघितले, हँडल बघितलं, टायर बघितले. सगळं ठीक. किक खाली जात नव्हती, ते पडल्यामुळं इंजिन जाम झालंय असं लिहिलं.

वीसेक दिवसांनी शहाजीचे वडील माझ्याकडं आले. ज्ञानू तात्या. धरणाच्या कामावर मुकादम होते, आता थकलेले. बाकड्यावर बसले नाहीत. उभेच राहिले.

“वकिलानं अर्ज दिलाय,” म्हणाले. “गाडी उघडून बघायची परवानगी मिळालीय. पंचांसमोर. फौजदारसाहेब म्हणाले, मिस्त्री तुम्हीच आणा. मी म्हटलं, सिकंदरशिवाय दुसरा कोण आहे?”

“कधी?”

“उद्या अकराला. शहाजी म्हणतो, चाक अडकलं. तू बघ आत काय झालंय ते. तुला कळेल. आवाजावरनं कळतं तुला, हे तर उघडून बघायचंय.”

“येतो तात्या,” मी म्हणालो.

त्या दिवशी मी कुठलंच काम हातात घेतलं नाही. बायकोनं, जैबूननं, जेवताना विचारलं, “बरं नाही का?” मी म्हटलं, ऊन लागलं.

ठाण्याच्या मागच्या बाजूला, आंब्याखाली, गाडी एका अंगावर टेकवून ठेवली होती. फौजदार खुर्ची टाकून बसले होते. दोन पंच होते, एक किराणा दुकानदार आणि एक निवृत्त तलाठी. भिंतीला टेकून शांताराम उभा होता, दाढी वाढलेली. ज्ञानू तात्या माझ्या अगदी जवळ, माझ्या श्वासाला लागून.

“ही गाडी तुमच्याकडंच येते ना?” फौजदारांनी विचारलं.

“येते साहेब.”

“आरोपी म्हणतो, चार-पाच दिवस आधी तुम्ही चेन बदलली.”

“बदलली साहेब.”

“म्हणजे चेन नवी होती,” ते स्वतःशीच म्हणाले आणि लिहिलं. मी त्यांच्या पेनाकडं बघत राहिलो.

मी फुटरेस्ट काढला. पायडल काढला. कव्हर पुढच्या बाजूला, दगडावर आपटलं होतं तिथं, मूठभर आत गेलं होतं. नट सोडायला जोर लावावा लागला. कव्हर निघालं तेव्हा ऑइल फारसं आलं नाही, बरंचसं आधीच गळून गेलं होतं.

चेन तुटलेली होती. मागच्या बाजूला, क्लचच्या मोठ्या चाकाभोवती गुंडाळून, कव्हर आणि दाते यांच्यामध्ये गच्च अडकून बसली होती. आता यात कळायला अवघड असं काही नव्हतं. कव्हर चेपलं होतं पुढं, चेन अडकली होती मागं. आघातानं तुटली असती तर चेपलेल्या जागी तुटली असती, तिथल्या कड्या दबल्या असत्या. त्या धडधाकट होत्या. उलट मागं, कव्हराच्या आतल्या अंगावर, चेनीनं फिरता फिरता ओरखडे काढले होते, चंद्रकोरीसारखे, ताजे, चकचकीत. पडलेल्या, थांबलेल्या गाडीत असे ओरखडे निघत नाहीत. गाडी पळत असताना चेन सुटली, चाकाभोवती गोळा झाली आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. शहाजी खरं बोलत होता.

एक श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मला हे सगळं दिसलं.

आणि दुसरंही दिसलं. चेन कुठली कडी फुटून तुटली नव्हती. ती लॉकवर सुटली होती.

आता सांगायला हवं. या गाडीची प्रायमरी चेन अखंड असते. तिला सांधा नसतो. मागच्या चाकाच्या चेनीला लॉक असतं, तोडून जोडता येतं, पण प्रायमरीत कुणी लॉक घालत नाही. तिथला वेग वेगळा, ताण वेगळा. लॉकची बारीक पत्ती उडाली की चेन उघडते. हे शिकाऊ मिस्त्रीलाही पहिल्या महिन्यात सांगतात. माझ्याकडं जी जुनी चेन होती, ती कुणीतरी कधीतरी तोडलेली होती. मी तिला लॉक घालून जोडलं होतं. शहाजी समोर बसला होता, त्याला मी सांगितलं नाही. पाच-सात दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हटलं. आवाज बंद झाला होता, तो माझ्यामुळं झाला होता, आणि शहाजी हसला होता.

चेनकेसच्या तळाशी उरलेल्या ऑइलमध्ये मी बोट फिरवलं. मासळीच्या आकाराची ती पत्ती बोटाला लागली. मी ती मुठीत घेतली.

“काय दिसतंय?” फौजदारांनी विचारलं.

शांताराम भिंतीपासून दोन पावलं पुढं आला होता.

“चेन तुटलीय साहेब.”

“कशानं?”

मी चेपलेल्या जागेवर हात ठेवला. “पडताना मार लागलाय. कव्हर आत गेलंय. त्यानं तुटली.”

“आधी तुटली असं म्हणता येणार नाही?”

“नाही साहेब.”

ज्ञानू तात्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. “नीट बघ की रं सिकंदर. पुन्हा एकदा बघ.”

“बघितलं तात्या.”

फौजदारांनी लिहिलं, पंचांनी सह्या केल्या, मी सही केली. चेन पोत्यात बांधून पोत्याला लाख लावली. शांताराम तिथंच खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. त्याला जे ऐकायचं होतं तेच मी सांगितलं होतं. तरी तो रडत होता.

पूल ओलांडताना मी मूठ उघडली आणि पत्ती कोयनेत टाकली.

शहाजीला जामीन मिळाला नाही, तो साताऱ्याच्या तुरुंगात राहिला. उन्हाळा गेला, पाऊस गेला. मी काम करत होतो. गाड्या यायच्या, त्यांचे आवाज मी काढायचो. ज्ञानू तात्या कधीमधी दिसायचे, साताऱ्याच्या गाडीची वाट बघत. मला बघून हात करायचे. त्या एका गोष्टीनं मला जेवढं जाळलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. ते मला हात करायचे.

दिवाळीच्या आधी ते आजारी पडले. मला बोलावून घेतलं. अंथरुणावरून म्हणाले, “दोन सदरे आणि स्वेटर तेवढा पोरापर्यंत पोचव. तू गेलास तर त्याला बरं वाटेल.”

नाही म्हणायला माझ्याकडं काही कारण नव्हतं.

साताऱ्याला जाळीच्या पलीकडं शहाजी आला. लंगडत होता. गालांची हाडं वर आली होती. कपडे शिपायानं तपासून आत घेतले. तात्यांची चौकशी झाली. मग जाळीत बोटं अडकवून तो अगदी हळू बोलला.

“मिस्त्री, एक विचारायचंय. वकिलाला नाही विचारत, त्याला काय कळतंय? तुम्हाला विचारतो.”

“विचारा.”

“त्या वळणाच्या आधी ती म्हणाली, मला न्यायला परत येऊ नका. तुम्ही आलात तरी मी येणार नाही. मला राग आला. लई राग आला, मिस्त्री. डोळ्यापुढं लाल झालं. आणि तेवढ्यातच चाक अडकलं. आता तुम्ही म्हणता, चेन पडल्यावर तुटली. मग चाक कशानं अडकलं? ब्रेकनंच अडकणार. डावा पाय माझाच होता. मला आठवत नाही मी ब्रेक दाबला का. पण दाबला असला पाहिजे. रागात दाबला असंल.”

मी खाली बघत होतो.

“मला शिक्षेची भीती नाही,” तो म्हणाला. “पण मला कळलं पाहिजे. रोज मी ते वळण आठवतो. रोज पाय आठवतो. चेन आधी तुटली असं काही असू शकतं का? एवढंसं जरी असलं तरी सांगा.”

माझ्या मागं एक म्हातारी तिच्या मुलाशी जाळीतून मोठ्यानं बोलत होती, म्हशीबद्दल काहीतरी. शिपाई घड्याळ बघत होता. मला आत्ता, इथं, फक्त एका माणसाला सांगता आलं असतं. पंच नव्हते, कागद नव्हता.

“पडल्यावरच तुटली, शहाजी,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. जाळीतून बोटं काढली.

“मग झालं,” म्हणाला. “मग मीच.”

खटला फेब्रुवारीत उभा राहिला. मला सरकारी साक्षीदार म्हणून समन्स आलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात शहाजीचे वकील भेटले, बारीक, दमेकरी गृहस्थ. सिगारेट विझवत म्हणाले, “तुमचा शहाजी डोकं फिरल्यासारखं करतोय. म्हणतो, मी कबूल करतो, मीच मारली. काल तासभर समजावलं. जबाब नोंदवायची वेळ आली की बोलून बसेल.”

आत बाकावर ज्ञानू तात्या बसले होते. आजारातून उठलेले, धोतर ढगळ झालेलं. त्यांनी मला हात केला.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी पंचनाम्यातलं विचारलं, मी हो हो म्हणत गेलो. मग ते दमेकरी वकील उठले. त्यांना काही मोठं विचारायचं होतं असं नाही. कागद चाळत, सहज म्हणाले, “अपघाताच्या पाच दिवस आधी आपण बसवलेली चेन नवी होती. बरोबर?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली.

“जुनी होती. तोडलेली होती. मी लॉक घालून जोडली होती. त्या जागी लॉक घालत नाहीत.” मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता. “लॉकची पत्ती उडाली. चेन चालत्या गाडीत सुटली आणि चाक अडकलं. आरोपीनं ब्रेक दाबून काही झालेलं नाही. पत्ती मला सापडली होती. मी फेकून दिली. मुद्देमालातली चेन मागवा, मी दाखवतो.”

न्यायाधीशांनी मला दोन वेळा विचारलं, आपण काय बोलताय ते आपल्याला कळतंय का. मी हो म्हणालो. पोतं आणलं, लाख फोडली. मी लॉकच्या खिळ्यांवरची खाच दाखवली, जिथं पत्ती बसते. कव्हर मागवलं, त्यावरचे मागचे ओरखडे दाखवले, पुढची चेपलेली जागा दाखवली. पुढच्या तारखेला एका कॉलेजातल्या जाणकारांनी येऊन तेच सांगितलं.

त्या दिवशी मी शहाजीकडं बघितलं नाही. तात्यांकडं बघितलं. ते हात जोडून बसले होते, कुणाला ते कळत नव्हतं. व्हरांड्यात शांताराम माझ्या अंगावर धावून आला. लोकांनी धरला, नाहीतर मी काही त्याला अडवणार नव्हतो.

पंधरा दिवसांनी शहाजी सुटला. माझ्यावर हयगय आणि खोट्या साक्षीचा खटला झाला, पुढं मला सात महिने झाले, ते मी भोगले. जैबूननं त्या काळात घर चालवलं आणि मला एका शब्दानं कधी विचारलं नाही. ते वेगळंच.

पण माझा खटला उभा राहायच्या आधी, शिमग्याच्या आसपास, एका सकाळी शहाजी गॅरेजवर आला. मी हत्यारं एका ट्रंकेत भरत होतो. गिऱ्हाइकं केव्हाच बंद झाली होती. तो दारात थांबला. मी उठून बाकडं पुसलं. तो बसला नाही.

“तात्या म्हणतात, सिकंदरच्या पाया पड,” तो म्हणाला. “म्हणतात, स्वतः बुडाला पण तुला सोडवलं त्यानं.”

“शहाजी…”

“थांबा. मला बोलू द्या. मला बोलायला जमत नाही, म्हणून वाटेत जुळवत आलोय.” त्यानं भिंतीला हात टेकला, मोडलेल्या पायावरचा भार काढला. “चेनीचं मी तुम्हाला काही म्हणत नाही. मीच गळ घातली होती. उद्या जायचंय, काहीतरी करा, म्हणालो होतो. तुम्ही केलंत. तुमच्या मनात वाईट नव्हतं. माझ्या हातून पण खांबावर चूक झालीय, एकदा एक माणूस थोडक्यात वाचला. ते मी जाणतो. शालन त्यात गेली. ते माझं नशीब, तिचं नशीब.”

रस्त्यावरून एक ट्रक घाटाकडं गेला. तो जाईपर्यंत शहाजी थांबला.

“पण नऊ-दहा महिने मला वाटत होतं की मी तिला मारलं. नुसतं वाटत नव्हतं, मला पक्कं ठाऊक होतं. झोपेत पाय दाबायचो मी. शेजारचा कैदी हाका मारून उठवायचा. शेवटाला तर मला आठवायलाच लागलं, कसा दाबला ते. जे झालंच नाही ते मला आठवायला लागलं होतं. आणि तुम्हाला सगळ्या वेळात ठाऊक होतं.” तो माझ्याकडं सरळ बघत होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. “जाळीतून मी तुम्हाला विचारलं होतं. एवढंसं असलं तरी सांगा, म्हणालो होतो.”

“हो,” मी म्हणालो.

“चेनीची माफी आहे तुम्हाला. त्याची नाही.”

“हो.”

मग त्यानं भिंतीवरचा हात काढला, पाय सावरला, आणि लंगडत लंगडत चढाला लागला.